धुवून ठेवलेले सात व्हॉल्व्ह

माझ्या दिरांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. ताप आलाय का? बरं आहे. जेवण कसं झालंय? छान. लग्नाचं काय ठरवलंत? बघू. पंचावन्न वर्षं या माणसाने एवढ्या शिदोरीवर काढली. सगळं घर याला त्यांचा गुण म्हणतं. मी म्हणत नाही. सव्वीस वर्षं मी त्यांच्यासोबत एका छपराखाली राहते आहे, आणि या गुणाने माझं डोकं जेवढं उठवलं तेवढं कुणाच्या अवगुणानेही उठवलं नसेल.

एकदा न्हाव्याच्या हातून त्यांची अर्धी मिशी उडाली. न्हावी बिचारा घामाघूम. तर भावजी आरशात बघून म्हणाले, "असंच हवं होतं मला," आणि उरलेली अर्धीही काढायला लावून घरी आले. बुटांचंही तेच. दुकानदार त्यांच्यासाठी तीनदा शिडीवर चढला, म्हणून एक नंबर लहान बूट मुकाट्याने घेऊन आले आणि वर्षभर लंगडले. मी विचारलं, बूट चावतात का हो? तर म्हणे, छान आहेत, जरा नवीन आहेत.

धंदा मात्र असा की तिथे असलं काही चालत नाही. भावजी वजनकाटे दुरुस्त करतात. काटा केसभर कमी दाखवत असला तरी पास करत नाहीत, मग दुकानदार चहा पाजो की डोळे वटारो. लोखंडाच्या बाबतीत इतका खरा माणूस मी पाहिला नाही. स्वतःबद्दल विचारलं की मात्र धडधडीत खोटं, तेही हसतमुखाने.

मागच्या वर्षी एका गोदामात मोठ्या काट्याचा पत्रा घसरला आणि त्यांचं डावं मनगट आतल्या बाजूने कापलं गेलं. आतला मज्जातंतू तुटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. डॉक्टरांनी तंतू शिवला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "संवेदना हळूहळू परत यायला हवी. येत असेल तर उत्तम. येत नसेल तर दुसरं ऑपरेशन करता येईल, पण दीड वर्षाच्या आत. त्यानंतर काही करून उपयोग नाही, हात कायमचा तसाच राहील." त्या दोन बोटांवाचून डाव्या हातात काट्याची पट्टी घट्ट बसत नाही, आणि पट्टी बसत नसेल तर कसला काटेवाला? आता ते दुकानात नुसते बसून दुसऱ्यांना सूचना द्यायचे. दर दोन महिन्यांनी एकटेच तपासणीला जायचे. मोठं रुग्णालय, दर वेळी नवा डॉक्टर. घरी आले की मी विचारायची, काय म्हणाले? आणि काय उत्तर यायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो मला कधी पलंगाखाली सापडायचा, कधी चपलांमध्ये. "भावजी, चेंडू दाबा," हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी आमचे हे माझ्याआधीच ते म्हणून टाकायचे आणि पेपर वाचायला लागायचे.

अशात भावजींना ॲम्प्लिफायरचा ध्यास लागला.

तरुणपणी बारा वर्षं ते एका हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवत. बँड मोडला, गिटार कपाटावर गेलं. आता ते खाली उतरलं. मी म्हटलं, चला, चेंडू नाही तर गिटार, बोटं हलल्याशी कारण. पण ते विजेवरचं गिटार. नुसतं वाजवलं तर डास गुणगुणल्याइतका आवाज. त्याला आवाज वाढवणारी पेटी लागते, तोच ॲम्प्लिफायर, आणि यांना पेटी हवी होती ती जुनी, व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह म्हणजे पूर्वीच्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या, तापल्या की लाल होणाऱ्या.

"नवी का नको?" मी विचारलं.

"हात हलका पडला तरी त्यात सूर लांबतो, वहिनी. नव्या पेट्यांत हात कमी पडला की सूर लगेच मरतो."

मला वाटलं, असतात एकेकाचे शौक. यात त्यांनी मला केवढी मोठी गोष्ट सांगून टाकली होती ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आठ महिने आम्ही ती पेटी शोधली. आम्ही म्हणजे मी आणि ते. एका हाताने त्यांना जड उचलता येईना, आणि आमच्या ह्यांची कंबर अशा कामाच्या दिवशी हमखास धरते. सुट्टीचा दिवस आला की जुन्या सामानाची दुकानं. गंजलेले पंखे, बिनकाट्यांची घड्याळं, एकाच पायातले स्केट. एकाने आम्हाला शपथेवर ॲम्प्लिफायर म्हणून व्होल्टेज स्टॅबिलायझर दाखवला. मी मागे फिरले, तर भावजी त्याला म्हणत होते, "छान आहे, फार छान आहे." त्यांना शर्टाच्या बाहीला धरून बाहेर काढावं लागलं, नाहीतर तो स्टॅबिलायझर आज आमच्या घरात असता.

शेवटी पेटी सापडली ती शोधत नसताना. उन्हातून चालून मी टेकीला आले होते, म्हणून एका पक्षी विकणाऱ्याच्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो. आत पिंजऱ्यांचा कलकलाट. भावजी एकाएकी खाली वाकले, मग चक्क गुडघ्यांवर बसले. एका मोठ्या पिंजऱ्याखाली काहीतरी चौकोनी धूड होतं, वरपासून खालपर्यंत विष्ठेने माखलेलं. त्यांनी बोटाने दाणे बाजूला केले. खाली बटणांची रांग निघाली.

"वहिनी," ते म्हणाले. एवढंच. पण आवाज असा की मीही खाली वाकले.

"तो विकायचा नाही," पक्षीवाला म्हणाला.

"का हो? चालतो का?" मी विचारलं.

"चालायचं काय त्यात? ती पिंजऱ्याची उंची आहे. पिंजरा खाली ठेवला की मांजर येतं. एवढ्याच उंचीचं स्टूल आणून द्या आणि घेऊन जा."

"आहे आमच्याकडे," भावजी लगेच म्हणाले. "लोखंडी आहे. मजबूत."

ते स्टूल माझं होतं! माळ्यावरचे डबे काढायला मी ज्यावर चढते ते, लग्नानंतर मी स्वतः पसंत करून घेतलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्या धुळीत गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला. अपघातापासून त्या चेहऱ्यावर मी इतकं काही पाहिलं नव्हतं. गेले घरी, स्टूल आणलं, दिलं. येताना ते धूड बसमध्ये माझ्या मांडीवर, आणि शेजारची बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडेच बघत होती, जसं काही तो वास माझा होता.

भावजींनी त्याच संध्याकाळी एका जुन्या रेडिओ मिस्त्रींना फोन केला. असल्या पेट्या दुरुस्त करणारे आता ते एकटेच उरले आहेत. मला नंतर कळलं की मिस्त्रींनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: वीज लावू नका, आणि आतल्या कशालाही हात लावू नका. भावजींनी मला सांगितली एकच. "वीज लावायची नाही म्हणाले." दुसरी का सांगितली नाही? कारण हात लावू नका असं वहिनीला कसं सांगायचं! वहिनीला वाईट वाटलं असतं!

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. नळ्या, चंबू, पिपेट. हसू नका, काच धुणं हे शिकायचं काम आहे. धुतलेल्या काचेवर पाणी सोडलं की ते सलग पसरून वाहून गेलं पाहिजे. कुठे थेंब अडला तर काच घाण, पुन्हा धुवा. माझ्या हातच्या काचेवर थेंब अडत नाही. नवीन येणाऱ्या मुलींना आमच्या बाई माझ्याकडेच शिकायला पाठवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी एकटी होते आणि बाल्कनीत ते धूड घाण मारत होतं. मागची फळी काढली. आत पिसं, दाणे, जाळी, आणि त्या सगळ्यात बुरसटलेल्या सात काचेच्या नळ्या. चार बारक्या, तीन मोठ्या. मला राहवेना. हलकेच एकेक उपटली. साबणाचं पाणी, साधं पाणी, मग स्पिरिट. आतल्या बाजूला एक कळकट कागद चिकटवलेला होता, तोही ओला करून खरवडून काढला. सातही नळ्या टॉवेलवर ओळीने मांडल्या. काय चमकत होत्या! एकीवरही थेंब अडला नाही. भावजी येईपर्यंत मी तीनदा जाऊन बघून आले.

ते आले. टॉवेलसमोर उभे राहिले. बराच वेळ.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"छान," ते म्हणाले. "फारच छान, वहिनी."

आणि जेवायला मला एक पोळी जास्त वाढू दिली, नाही न म्हणता.

मिस्त्रींकडे गेल्यावर भांडं फुटलं. त्यांच्या दुकानात दोन माणसं जेमतेम मावतात, बाकी सगळ्या रेडिओंची हाडं. मी टॉवेल उलगडला. मिस्त्रींनी एक नळी उचलली, फिरवली, दुसरी उचलली. मग चष्मा कपाळावर ढकलला.

"आकडे कुठायत?"

"कसले आकडे?"

"व्हॉल्व्हचा नंबर असतो काचेवर, पांढऱ्या रंगात. तोच गेला तर कुठला कुठे बसवायचा? आणि आतला तक्ता?"

मी टॉवेलचं टोक सारखं केलं.

"कुणी धुतले हे?"

"मी," मी म्हटलं.

"ताई, पन्नास वर्षं ज्यावर पक्ष्यांना काही करता आलं नाही, ते तुम्ही एका दुपारी केलंत."

मी भावजींकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खूश होतात," भावजी म्हणाले.

काय करावं अशा माणसाचं? रागवावं तर कशावर? माझ्यावर दया केली म्हणून? मी तिथल्या बाकावर बसून राहिले. मान वर करायची सोय नव्हती.

मिस्त्रींनी तीन मोठे व्हॉल्व्ह नुसते बघून ओळखले. बारक्या चारांचे नंबर काही केल्या कळेनात, दिसायला सगळे सारखेच. मग त्यांनी एक माझ्या हातात दिला. "वाफ सोडा तोंडाने. रंग गेला तरी कधी कधी काचेवर ठसा राहतो, वाफेत दिसतो. पूर्ण धुतला गेला नसेल तर."

म्हणजे माझं काम कच्चं राहिलं असेल तर! बावीस वर्षांत मी पहिल्यांदा मनापासून इच्छा केली की काच घाण निघावी. हाऽऽ करून वाफ सोडली. धुक्यात चार अक्षरं उमटली आणि विरली. मिस्त्रींनी लिहून घेतलं. दुसरा, तोही दिसला. तिसराही. चौथ्यावर मी दमेपर्यंत वाफ सोडली. कोरा.

"हा एक मात्र तुम्ही उत्तम धुतलाय," मिस्त्री म्हणाले. "अंदाजाने बसवतो. चार दिवसांनी गिटार घेऊन या."

चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. राग होता तो स्वतःचा.

पाचव्या दिवशी आम्ही गेलो. मिस्त्रींनी आतले काही जुने भाग बदलले होते, फाटलेल्या स्पीकरला कागद चिकटवला होता. बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग नळ्यांच्या पोटात हळूहळू नारिंगी रंग भरत गेला. भावजींनी गिटार मांडीवर घेतलं, पहिल्या बोटाने तार दाबली आणि छेडली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो सूर उठला आणि थांबेचना, त्या खोलीत भरून राहिला. खोटं कशाला सांगू, मला ते धूड आवडलं त्या क्षणी. स्टूलही माफ केलं.

भावजींनी पुढचा सूर वाजवला. थड्. सूर नाहीच, ओल्या लाकडावर मारल्यासारखा मेलेला आवाज. पुन्हा पहिलं बोट, स्वच्छ. पुन्हा पुढचा सूर, थड्.

"तोच," मिस्त्री म्हणाले. "तो कोरा व्हॉल्व्ह. वाटलंच होतं."

पेटी बंद केली, थंड होऊ दिली, तो काढून स्वतःकडचा दुसरा घातला. थड्. तिसरा घातला. थड्. मिस्त्री वैतागले. "एकात बिघाड झाला की बाकीच्यांनाही ओढतो. धुताना पाणी गेलं असणार बुडाशी. आता सगळंच उघडावं लागेल, आणि इतकं करून होईल याची खात्री नाही."

माझा धीर सुटला. "माझंच चुकलं," मी म्हटलं. "आठ महिने शोधली त्यांनी. एक गोष्ट मागितली नाही या माणसाने आयुष्यात, आणि ही एक मिळाली तिचं मी माझ्या हातांनी वाटोळं करून ठेवलं." परक्या माणसाच्या दुकानात मी डोळे पुसत उभी राहिले. लाज वाटत होती, पण थांबवता येईना.

"वहिनी," भावजी म्हणाले. "व्हॉल्व्ह नाही तो."

"उगाच माझी समजूत घालू नका."

"नाही घालत." त्यांनी गिटार आडवं ठेवलं. डाव्या हाताची ती दोन बोटं उजव्या हाताने धरून पुढे केली. "पेटी चांगली आहे. मोकळ्या तारा वाजवून बघा मिस्त्री, सगळ्या स्वच्छ लागतील. ही बोटं तार दाबतच नाहीत. त्यांना तार आहे हेच कळत नाही."

मिस्त्रींनी हात लांब करून सहाही तारा छेडल्या. स्वच्छ. सगळ्या स्वच्छ.

मी डोळे पुसायची थांबले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सोळा महिने?"

त्यांनी मान हलवली.

"आणि डॉक्टरांना काय सांगता?"

"बरं आहे."

"ते सुई टोचून बघतात ना! डोळे मिटायला सांगून!"

"डोळे थोडे किलकिले ठेवतो. टोचताना डॉक्टरांचा खांदा हलतो," भावजी म्हणाले. "तो हलला की हो म्हणतो."

"पण का?"

"पहिल्या ऑपरेशनला तुमची सगळी रजा गेली. दादा रात्रंदिवस तिथे बाकावर. आणि वहिनी, ती शिकाऊ डॉक्टर मुलं इतक्या आशेने विचारतात." त्यांनी बोटं सोडली. "चेंडू मी रोज दाबायचो. तुम्ही कामावर गेलात की. त्याचा काही उपयोग होत नाही म्हणून कुठेतरी ठेवून द्यायचो."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मिस्त्री उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, एवढं सांगते. दीड वर्षाला दोन महिने उरले होते. चांगुलपणापायी या माणसाने स्वतःचा हात हातचा घालवत आणला होता, आणि आम्ही त्याचं 'बरं आहे' ऐकून निवांत झोपत होतो. मला त्यांचा राग आला तसा माझाही आला. काचेवर एक थेंब अडला तर मला दिसतो, आणि रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचं ताट त्याच्या डाव्या हातातून निसटतं हे दिसलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेले. शिकाऊ नको, मोठे डॉक्टर हवेत, असं सांगून दोन तास दारात बसले. डॉक्टरांनी हात टेबलावर घेतला, सुई काढली आणि म्हणाले, "डोळे मिटा."

"थांबा," मी म्हटलं. खुर्चीच्या मागे गेले आणि दोन्ही तळव्यांनी भावजींचे डोळे घट्ट झाकले. सव्वीस वर्षांत मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. पाहू देत.

"कळलं?"

माझ्या तळव्यांखाली त्यांच्या पापण्या फडफडत होत्या.

"भावजी, खरं सांगा," मी म्हटलं.

"नाही."

"आता?"

"नाही."

करंगळी, शेजारचं बोट, पुन्हा करंगळी. डॉक्टर टोचत होते आणि भावजी नाही म्हणत होते, आधी चाचरत, मग स्पष्ट. डॉक्टरांनी सुई ठेवली. खात्री देता येणार नाही, म्हणाले, पण अजून वेळ गेलेली नाही. समोरचं कॅलेंडर ओढलं. "पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. जमेल?"

मी हात काढले. भावजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. "वहिनींची रजा..."

"भावजी!"

"जमेल," ते डॉक्टरांना म्हणाले. मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "मला खूप भीती वाटते."

"मलाही," मी म्हटलं, आणि शेजारची खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसले.